समुद्राचा हिशेबनीस : फिलिप हेन्री गॉस
(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने समुद्रातील जीवांवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. विज्ञान शाखेतील मित्रमैत्रिणी तर हे अतिक्रमण समजतील. परंतु ज्या माणसाचे चरित्र मी येथे सांगणार आहे, तो कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. वयाच्या पंधराव्या वर्षी तो एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून लागला आणि त्याची उमेदीची वर्षे खतावण्या लिहिण्यात गेली. तेव्हा हा माणूस जितका त्यांचा, तितकाच आमचाही आहे.

त्याच्याकडे मी वळले ती एका अपराधामुळे. माझे गाव नंदिगड्डे. जोयडा तालुक्यातील दाट जंगलात, भातशेती आणि सुपारीच्या बागा यांच्यामध्ये वसलेले. समुद्र आमच्यासाठी घाटाखालची गोष्ट. दहावीच्या सुट्टीत कारवारला मावशीकडे गेले होते. ओहोटीच्या वेळी खडकांतील एका डबक्यात एक समुद्रपुष्प उमललेले दिसले. दिसायला फूल, पण तो प्राणी असतो. पाकळ्यांसारखे दिसणारे त्याचे हात भक्ष्य पकडतात. मी ते नखाने खरवडून सोडवले, बरणीत समुद्राचे पाणी भरून त्यात ठेवले आणि अणशीचा घाट चढून बसने घरी आणले. पहिल्या दिवशी सारी वाडी पाहायला आली. दुसऱ्या दिवशी ते मिटले. तिसऱ्या दिवशी पाण्याला असा वास सुटला की आजीने बरणी उचलून लांब नेऊन ओतली. ती मला एक शब्दही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागले. ते का मेले, हा प्रश्न मात्र मनात राहिला. त्याचे उत्तर शोधताना मला फिलिप हेन्री गॉस भेटला.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील थॉमस गॉस हे गावोगाव फिरून लहान आकाराची व्यक्तिचित्रे काढणारे चित्रकार. कला हाती होती, पण पैसा टिकत नसे. आई हॅना लग्नापूर्वी मोठ्या घरी नोकरीस होती. घर चालवले ते तिच्या करारी स्वभावाने. फिलिप दोन वर्षांचा असताना हे कुटुंब पूल नावाच्या बंदरात येऊन राहिले. तेथे त्याची एक आत्या होती, मिसेस बेल. तिला किडे, फुलपाखरे आणि समुद्रकाठचे जीव यांचे मोठे वेड. सापडलेले समुद्रपुष्प मारून न टाकता समुद्राच्या पाण्यात जिवंत ठेवून पाहावे, हे त्या बालकाला प्रथम तिने सुचवले. मोठ्या शास्त्रज्ञांच्या चरित्रांत गुरूंची नावे येतात. गॉसच्या चरित्रात ही आत्या येते.

घरच्या गरिबीमुळे शिक्षण लवकर संपले. १८२५ मध्ये तो पूल येथील एका पेढीवर कारकून झाला. १८२७ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, त्याला अटलांटिक महासागरापलीकडे न्यूफाउंडलंड बेटावरील कार्बनिअर या गावी स्लेड, एल्सन आणि कंपनीच्या कचेरीत पाठवण्यात आले. कॉड मासे आणि सील यांचा तेथे व्यापार चाले. तेथे त्याने आठ वर्षे काढली. १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शकावरील एक जुने पुस्तक त्याने विकत घेतले आणि तेथून त्याच्या आयुष्याला वळण लागले. दिवसा जमाखर्च आणि मोकळ्या वेळी कीटकांच्या नोंदी, असा त्याचा क्रम सुरू झाला. त्याच वर्षी धर्मश्रद्धाही त्याच्या मनात खोल रुजली, आणि या दोन्ही गोष्टी मरेपर्यंत त्याच्या सोबत राहिल्या.

पुढील काही वर्षे अपयशाचीच म्हटली पाहिजेत. १८३५ मध्ये कॅनडातील कॉम्प्टन येथे त्याने शेती घेतली; ती बुडाली. १८३८ मध्ये तो अमेरिकेतील अलाबामा राज्यात शाळामास्तर झाला. तेथील गुलामगिरी पाहून त्याचे मन विटले आणि वर्षभरात तो मायदेशी परतला. परतीच्या बोटीवर त्याने कॅनडातील निसर्गावर पुस्तक लिहिले. ते १८४० मध्ये छापले गेले. शेतीत बुडालेले भांडवल अशा रीतीने लेखणीतून थोडेफार वसूल झाले! १८४४ ते १८४६ या काळात तो जमैकात होता. तेथील पक्ष्यांवरील त्याच्या ग्रंथामागे सॅम्युएल कॅम्पबेल या स्थानिक तरुणाचे श्रम होते, आणि गॉसने ते मोकळ्या मनाने जाहीर केले. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

१८४८ मध्ये त्याचा एमिली बोज हिच्याशी विवाह झाला. पुढच्या वर्षी मुलगा एडमंड जन्मला. लेखनाच्या अतिश्रमाने गॉसची प्रकृती ढासळली, म्हणून १८५२ मध्ये हे कुटुंब डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यावर राहायला गेले. प्रथम सेंट मेरीचर्च आणि नंतर इल्फ्राकूम. विश्रांतीसाठी गेलेला हा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हातोडा आणि छिन्नीने खडक फोडू लागला. खडकांच्या डबक्यांतील जीव तो घरी आणी, काचेच्या भांड्यांत ठेवी, सूक्ष्मदर्शकाखाली पाही आणि वडिलांकडून आलेल्या कसबाने त्यांची रंगीत चित्रे काढी. समुद्रपुष्प चवीला कसे लागते हे कळावे म्हणून त्याने ते शिजवूनही खाल्ले! इल्फ्राकूमच्या खडकांत त्याला शेंदरी-सोनेरी रंगाचे एक लहानसे प्रवाळ सापडले. शास्त्राला ते नवे होते. शास्त्रीय नावापुढे आजही गॉसचे नाव लावले जाते.

भांड्यातले जीव जिवंत कसे ठेवावेत, हा प्रश्न त्या वेळी इतरांनाही पडला होता. ॲना थाइन नावाच्या एका बाईने १८४६ मध्ये टॉर्कीहून काही प्रवाळ लंडनला नेले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतले जाई, आणि ते काम घरच्या मोलकरणीच्या वाट्याला येई. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये मासा, पाणवनस्पती आणि गोगलगाय यांचा समतोल साधून दाखवला : वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशाने तो घ्यावा आणि सडलेली पाने गोगलगाईने खाऊन टाकावीत. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यासाठी गॉसने कितीतरी जीव पुरवले. १८५४ मध्ये त्याचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि ॲक्वेरियम हा शब्द घरोघरी पोचला. काचेवरील कर १८४५ मध्ये उठला होता, रेल्वे समुद्रकाठापर्यंत गेली होती. दिवाणखान्यात समुद्राची पेटी ठेवण्याची जणू लाटच आली.

परंतु किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनी समुद्राचे पाणी आणायचे कोठून? लंडनकरांची अडचण आणि नंदिगड्ड्याच्या मुलीची अडचण एकच! गॉसने ठरवले की पाणी घरीच तयार करायचे. त्याने इंग्लिश खाडीच्या पाण्याचे एक पृथक्करण समोर ठेवले आणि १८५४ च्या एप्रिल महिन्यात चार क्षार एकत्र केले. आजच्या मापात सांगायचे तर सुमारे १०० ग्रॅम साधे मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. त्यात साडेचार लिटरांहून किंचित कमी पाणी. ते गाळून मिठाईवाल्याच्या दुकानात असते तसल्या काचेच्या बरणीत भरले, तळाशी धुतलेले खडे टाकले आणि हिरवे समुद्रशेवाळ चिकटलेले एकदोन दगड ठेवले. प्राणी त्याने लगेच सोडले नाहीत. आधी शेवाळाने पाणी जिवंत करावे, मग पाहुणे बोलवावेत, एवढा धीर त्याच्याजवळ होता. माझ्याजवळ तो नव्हता.

आता मी गॉसच्या हिशेबात एक चूक दाखवणार आहे. त्याच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून. त्या पृथक्करणात सात क्षार होते. त्यांतील तीन त्याने सोडून दिले. एक ब्रोमाइड, ते सोडा. पण उरलेले दोन होते कॅल्शियम सल्फेट आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुन्याचे दोन्ही क्षार. कार्बोनेट फारच थोडे, हजार भागांत जेमतेम ०.०३३ भाग, शिवाय तळाशी टाकलेल्या शिंपल्यांतून आणि प्रवाळांच्या तुकड्यांतून ते पाण्यात येईलच, असा त्याचा अंदाज. सल्फेट पाण्यात विरघळायला कठीण आणि भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या एका पृथक्करणात ते अत्यल्प आढळले होते, म्हणून तेही वगळले. परंतु त्याच्या समोरच्याच कोष्टकात सल्फेटचा आकडा हजारात १.४ होता, आणि जे पोटॅशियम क्लोराइड त्याने ठेवले त्याचा आकडा होता ०.७७. म्हणजे ठेवलेल्या रकमेपेक्षा सोडलेली रक्कम मोठी!

या दोन रकमांचे महत्त्व समजून घेण्यासाठी प्रवाळ काय करते ते पाहिले पाहिजे. प्रवाळ हा मऊ देहाचा चिमुकला प्राणी. स्वतःभोवती तो दगडी घर बांधतो. त्या घराचा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शिंपल्याचा आणि चुनखडीचा तोच पदार्थ. माल दोन खात्यांतून येतो. कॅल्शियमच्या खात्यात समुद्राच्या एका लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम शिल्लक असते. दुसरे खाते अल्कतेचे. अल्कता म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. समुद्रात ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे असते. रसायनशास्त्राच्या एककात, म्हणजे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, ती लिटरला सुमारे २.३ भरते. हौशी लोक आपल्या पेटीत ती थोडी जास्त, अडीचच्या किंवा तीनच्या आसपास ठेवतात.

आता नोंद पाहा. प्रवाळाने घर बांधताना अल्कता १ ने खर्च केली की त्याबरोबर कॅल्शियम २० मिलिग्रॅम खर्च होते. हे प्रमाण ठरलेले आहे. अल्कता २.५ वरून १.५ वर आली, म्हणजे ४० टक्के शिल्लक संपली. त्याच वेळी कॅल्शियम ४२० वरून ४०० वर आले, म्हणजे जेमतेम ५ टक्के. कॅल्शियम ही बँकेतील मोठी ठेव आहे आणि अल्कता ही गल्ल्यातील रोकड. मालमत्ता भरपूर असूनही रोकड संपल्याने दुकान बंद पडते, हे आम्हांला पहिल्या वर्षी शिकवले होते. प्रवाळाच्या पेटीचेही तसेच. म्हणून जाणकार लोक अल्कता दर दोनतीन दिवसांनी मोजतात आणि कॅल्शियम आठवड्याने मोजले तरी चालते. गॉसने ज्या रकमेला क्षुल्लक म्हणून वगळले, त्या ०.०३३ मध्ये ही रोकड बसली होती.

खर्ची पडलेले परत भरण्याच्या रीती आज अनेक आहेत. कॅल्शियम क्लोराइड आणि खायचा सोडा यांची वेगवेगळी द्रावणे रोज थोडीथोडी घालतात. ती दोन्ही एकाच जागी एकाच वेळी ओतली तर पाण्यात पांढरा गाळ होऊन दोन्ही रकमा बुडतात. दुसरी रीत चुन्याच्या निवळीची. आमच्याकडे पानाच्या डब्यात चुना असतो, कन्नडात त्यालाच सुण्ण म्हणतात. सुपारीवरील कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करतानाही चुना भिजवतात. असा चुना शुद्ध पाण्यात ढवळून ठेवला की वर स्वच्छ निवळी येते. लिटरभर पाण्यात तो जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो. पेटीतील जितके पाणी वाफ होऊन जाते तितकी ही निवळी थेंबाथेंबाने घातली, तर कॅल्शियम आणि अल्कता या दोन्ही खात्यांत प्रवाळाला लागते त्याच प्रमाणात भर पडते. घाई मात्र चालत नाही. ही निवळी फार तीव्र असते आणि एकदम ओतली तर जीव मरतात. बोर्डो मिश्रणाचे भांडे तर जवळही आणू नये, कारण त्यातील मोरचूद अशा जीवांना विष आहे. (पानाच्या डब्यातला चुनाही चालत नाही, तो शुद्ध असेल याची खात्री नसते.)

मग गॉसचे जीव जगले कसे? त्याचे कारण असे की त्याने ठेवलेले बहुतेक जीव समुद्रपुष्पांसारखे, दगडी घर न बांधणारे होते, आणि इंग्लंडच्या थंड पाण्यातील एकेकटे वाढणारे प्रवाळ फार हळू वाढते. खर्चच थोडा, म्हणून तूट दिसली नाही. शिवाय चुना नसलेल्या त्याच्या पाण्यात शिंपले थोडेफार विरघळले असणार. उष्ण समुद्रातील भराभर वाढणारे प्रवाळ त्या बरणीत ठेवले असते, तर हिशेबातील चूक लवकरच उघडी पडली असती.

गॉसचे पुढील आयुष्य थोडक्यात सांगते. १८५६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. पूर्वीच्या कारकुनाला मिळालेला हा मोठाच मान. १८५७ च्या फेब्रुवारीत एमिली कर्करोगाने वारली. त्याच वर्षी सृष्टीची उत्पत्ती आणि बायबल यांचा मेळ घालणारे त्याचे पुस्तक निघाले. ते ना शास्त्रज्ञांना पटले, ना धार्मिकांना. लहान मुलाला घेऊन तो सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला गेला. ब्रिटनमधील समुद्रपुष्पे आणि प्रवाळ यांवरील त्याचा मोठा ग्रंथ १८६० मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी त्याने एलायझा ब्राइटवेन हिच्याशी दुसरा विवाह केला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी तो निवर्तला.

परंतु त्याच्या आयुष्यातील खरे दुःख मला वेगळे वाटते. त्याची पुस्तके वाचून हजारो लोक बरण्या आणि छिन्न्या घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरले. ज्या डबक्यांपाशी गॉस श्रद्धेने गुडघे टेकून बसे, ती लोकांनी खरवडून काढली. त्यांतील बहुतेक जीव शहरात पोचून काही दिवसांत मेले, आणि पेट्यांची लाट ओसरली तेव्हा डबकी ओकीबोकी झालेली होती. मुलगा एडमंड पुढे मोठा साहित्यिक झाला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्याने हे सारे सांगितले आहे. वडिलांना आपल्या लेखणीची ही जबाबदारी जिवंतपणीच कळून चुकली होती आणि ती त्यांना फार लागली, असेही त्याने नमूद केले आहे. ज्याने समुद्रावर लोकांना प्रेम करायला शिकवले, त्याच्याच शिकवणीने तो किनारा उजाड झाला. क्षारांच्या यादीतील चूक लहान होती, ही मोठी. घेणाऱ्यांची संख्या त्याने हिशेबात धरलीच नव्हती, आणि जमेच्या बाजूला कोणी काही भरत नव्हते.

आपल्या देशात २००१ पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. समुद्रातून ते काढणे आणि घरी बाळगणे गुन्हा आहे. आमच्याकडे वाघाचे जंगल आहे. त्याचे नियम आम्ही लहानपणापासून ऐकतो, कधी त्यांच्यावर कुरकुरतोही. पण आपल्याच जिल्ह्यात, मुर्डेश्वरच्या समोर, नेत्राणी बेटाभोवती पाण्याखाली प्रवाळ आहेत, हे मला कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हते. तेथे कोणी चुन्याची निवळी घालत नाही. नद्या डोंगरांतील खडक झिजवून तो चुना आणि बायकार्बोनेट युगानुयुगे समुद्रात नेऊन भरत आल्या आहेत. आमची काळी नदीही जोयड्यातून निघून कारवारला समुद्राला मिळते आणि त्या मोठ्या खात्यात आपली बारीकशी रक्कम जमा करते. घाटाखालचा समुद्र आमचा कोणी लागत नाही, असे आता मी म्हणणार नाही.

माझे समुद्रपुष्प चुन्याअभावी मेले नाही, हेही मी आता जाणते. दोन लिटर शिळे पाणी, बंद बरणी, बसचा उकाडा आणि माझे अज्ञान एवढी कारणे पुरेशी होती. मागच्या डिसेंबरात मी पुन्हा कारवारला गेले. ओहोटी होती. ते डबके सापडले की दुसरेच, सांगता येत नाही. एका कडेला एक समुद्रपुष्प उघडे होते. मी त्याच्याजवळ भरती येईपर्यंत बसले आणि रिकाम्या हातांनी परत आले.